दिवळीपर्यंत पाणी

आमच्या तामसखेड्यात गिरणेचा मोठा पूर आला तो धुरपदाबाईच्या लग्नाच्या साली. पुढे कितीतरी पावसाळे गेले, तसा पूर पुन्हा आला नाही. पण धुरपदाबाईच्या सांगण्यात पाणी चढतच राहिलं. माझी आई सून म्हणून या गल्लीत आली तेव्हा ते धुरपदाबाईच्या ओट्यापर्यंत होतं. मी शाळेत जायला लागले तोवर उंबरा ओलांडून चुलीपाशी पोचलं. आणि मी दहावीला बसले त्या वर्षी ते दिवळीला टेकलं. दिवळी म्हणजे तिच्या मातीच्या घराच्या मागच्या भिंतीतला दिवा ठेवायचा कोनाडा, उभ्या माणसाच्या छातीशी येईल एवढ्या उंचीवरचा.

"दिवळीलगुन!" ती म्हणायची. म्हणताना तीन बोटं दिवळीच्या कडेला टेकवायची आणि शेवटचा न नाकातून इतका लांबवायची, की ऐकणाऱ्याने पायातल्या चपला उचलून घ्याव्यात.

घरात पाणी शिरलं हे कुणी मिरवून सांगतं का, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आमच्याकडे सांगतात. गिरणा आमची माय, आणि माय दारात आली म्हणजे लेकीला भेटायला आली. मोठ्या पुरात ज्या घराच्या उंबऱ्याला तिचा पाय लागला, त्या घरच्या सवाष्णीने दर पावसाळ्यात पहिल्या गढूळ पाण्याची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड सुपात घेऊन घाटावर उतरायचं. बाकीच्या बायकांनी तिच्या मागून. फक्त तो पाय नेमका कुणाच्या उंबऱ्याला लागला, यावर गावात दोन मतं होती. एक धुरपदाबाईचं, दुसरं समोरच्या सुमनबाईचं.

त्यामुळे दर पावसाळ्यात दोन सुपं घाटाकडे निघायची, आणि ती चालत निघाली तरी पोचायची पळत. वाटेत सुमनबाईचा खर्जातला आवाज लागायचा:

"व धुरपदा, ती दिवळी तुन्हा सासरानी पुरना मांगून कोरी. तिन्हामा पानी कसं बसनं व? आगोदर जागा धरी ठेवेल व्हती का?"

"तू माहेरले व्हती ना बाई तवय, बाळंतपणले. पानीनी तुले इचारीसन येवानं व्हतं का?"

"मन्ही सासूनी देखं. माय मन्हा पायरीले लागनी. तुन्हा घरकडे तिनी मान बी फिरावी नही."

साक्षीदार एकच, धुरपदाबाईचे मालक जीवराम आबा. पुराच्या वेळी ते चांगले जाणते होते. पण "आबा, पाणी कुठवर आलं होतं हो?" असं कुणी विचारलं की आबा कानामागे हात धरायचे आणि म्हणायचे, "पानी? माठमा शे ना. पी ल्या." त्यांना खरंच ऐकू येत नाही, की दोन बायकांच्या मध्ये पडायला नको म्हणून येत नाही, हे गावाला अजून कळलेलं नाही.

अशात एका उन्हाळ्यात सर्वेवाले आले. तीन पायांचा कॅमेरा, रंगीत काठ्या, आणि एक तरुण साहेब. साहेब कुठल्याशा मोठ्या शहरातला असावा, कारण तो प्रत्येक वाक्याच्या आधी घसा साफ करायचा आणि नंतर 'बरं का' म्हणायचा. नदीच्या पुराची रेषा आखायची होती. त्याच्याकडे यंत्रातले आकडे होते, पण जुन्या माणसांना विचारण्याचाही रिवाज होता.

"आजी, अं, आपल्या स्मरणातली सर्वोच्च पूरपातळी सांगू शकाल, बरं का."

धुरपदाबाईने कोतवालाकडे पाहिलं. कोतवाल भाईदास म्हणाला, "अक्का, साहेब इचारस, मोठा पूरमा पानी कोठलगुन उनं व्हतं?"

हा प्रश्न तिला आयुष्यभर कुणी साहेबाने विचारला नव्हता. तिने पदर नीट केला, साहेबाला घरात नेलं, चुलीपुढून मागच्या भिंतीशी उभं केलं आणि दिवळीच्या कडेला तीन बोटं टेकवली.

"दिवळीलगुन."

गल्लीतला झुलाल नाना तिथेच ओट्यावर तिचा चहा पीत बसला होता. त्याला विचारलं, तर हातातली बशी न हलवता तो म्हणाला, "हा, हा. तितलंच." आणि सुमनबाई त्या आठवड्यात धरणगावला लेकीकडे गेलेली. ती असती तर तिने साहेबाला हाताला धरून आपल्या पायरीवर नेलं असतं, हे नक्की. ती नव्हती म्हणून सगळं बिनविरोध झालं. साहेबाच्या माणसाने रंगाचा डबा उघडला आणि दिवळीच्या उंचीवर आतून-बाहेरून भिंतीवर निळा पट्टा ओढला.

तो पावसाळा धुरपदाबाईचा होता. सरकारने पट्टा मारून दिलेला मान! तिने त्या निळ्या पट्ट्याला हळदकुंकू लावलं. गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या. सुमनबाई धरणगावहून आली, पिशवी खाली न ठेवता पट्ट्यासमोर उभी राहिली आणि तशीच तडक भाईदासकडे गेली.

"भाईदास, तो निळा डबा कोठे शे? मन्हा बी घरले लाव."

"अक्का, डबा साहेबना शे, मन्हा नही."

"मंग साहेबले फोन लाव. सांग, एक घर राही गयं."

साहेबाने फोन उचलला नाही. आषाढात गढूळ पाणी आलं तेव्हा धुरपदाबाईचं सूप एकटंच पुढे गेलं, संथपणे. मागे सुमनबाई. ओटी सोडून झाल्यावर धुरपदाबाईने मागे वळून एवढंच म्हटलं, "या बाई आते बठ्ठ्या." त्या 'बठ्ठ्या'वर, म्हणजे 'सगळ्या'वर, जो जोर होता तो एकट्या सुमनबाईसाठी होता.

आता धुरपदाबाईच्या घराचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं घरावरूनच झालं. घर म्हणजे मातीच्या भिंती, वर पत्रे. नदीकडची मागची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली. दर पावसाळ्यात तिला बाहेरून लाकडाचे टेकू लागायचे, आणि दर पावसाळ्यात टेकूंची जाडी वाढायची. मुलगा हितेंद्र केळीच्या गाडीवर ड्रायव्हर. रावेरहून माल भरायचा, थेट दिल्लीकडे जायचा, आठ-आठ दिवस घरी नसायचा. पाऊस पडला की तो कुठूनही फोन करायचा. "माय, भिंत शे का?" हॅलो नाही, जेवलीस का नाही. "भिंत शे का?" आणि ती म्हणायची, "शे." एवढ्यावर फोन संपायचा.

घरकुलाच्या यादीत त्याचं नाव लागण्याची वाट ते घर कितीतरी वर्षं बघत होतं. त्या दिवाळीत नाव लागलं. धुरपदाबाईने गल्लीत साखर वाटली, सुमनबाईच्या घरीसुद्धा. ग्रामसेवक जागा बघायला आला, निळा पट्टा बघितला, आणि त्याचा चेहरा टाकी रिकामी होताना नळाचा होतो तसा झाला.

"अक्का, हे घर निळ्या रेषेत आहे."

"हा," ती कौतुकाने म्हणाली. "आमनंच शे."

"नाही, तसं नाही. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी नाही. निळीच्या वर, आणि तिच्याहून वर असते त्या लाल रेषेच्या खाली असतं तर अटी घालून झालं असतं. तुमचं आतच आहे."

"कितलं आत?"

"भिंतीलाच पट्टा आहे अक्का. अजून किती?"

तिला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती खाली बसली. "म्हंजे माय मन्हा दारमा उनी म्हनीसन मले घर नही?"

"माय-बिय मला माहीत नाही. रेषा आहे." मग ग्रामसेवक जरा मऊ झाला. म्हणाला, वर माळावर दुसरी जागा मागता येईल. कधी मिळेल ते त्याने सांगितलं नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की माळावरच्या जागेचं बोलणं तो ग्रामसेवक पोरगा होता तेव्हापासून चालू आहे. तोवर भिंत थांबणार नव्हती.

मग अर्ज झाला. रेषेवर हरकत घेता येते, फेरपाहणी होते, असं कुणीतरी हितेंद्रला सांगितलं. थंडीत एके सकाळी तालुक्याहून एक मोठे साहेब आले आणि ग्रामपंचायतीत बसले. अख्खी गल्ली खिडक्यांना लटकली. या साहेबांना बोलायला आवडत नसे. ते नुसत्या भुवयांनी प्रश्न विचारायचे आणि उत्तर लांबलं की पेनाचं टोपण वाजवायचे.

"आजी, पाणी दिवळीपर्यंत आलं होतं, असं तुम्हीच सांगितलं?"

"हा."

"आता म्हणताय आलं नव्हतं."

"हा."

टोपण वाजलं. "मग खरं कुठलं?"

धुरपदाबाईने हितेंद्रकडे पाहिलं. तो दिल्लीहून रात्रभर गाडी मारत आला होता, डोळे लाल. मग तिची नजर खिडकीवर गेली. तिथे गजांना धरून सुमनबाई उभी होती. जिच्यापुढे तिने आयुष्यभर पाणी एक बोटही उतरू दिलं नव्हतं, ती.

"नही उनं व्हतं," धुरपदाबाई म्हणाली. "ते मी मानसाठे सांगं."

"कशासाठी?"

"मानसाठे, साहेब. ओटीना मानसाठे."

साहेब हसले. त्यांच्या भुवया हसल्या. बाहेर चार-दोन पोरंही खिदळली. "मग खरं पाणी कुठवर आलेलं?"

"खाले. वडना पारलगुन."

वडाचा पार गल्लीच्या तोंडाशी, घाटाला लागून. पाणी तिथेच थांबलं असेल तर ते जसं धुरपदाबाईच्या दिवळीला लागलं नव्हतं, तसं सुमनबाईच्या पायरीलाही लागलं नव्हतं. एका वाक्यात तिने दोघींचा मान पाण्यात सोडला. सगळी गल्ली सुमनबाईकडे बघायला लागली. आता ही गज उपटते की काय, असं आम्हाला वाटलं. साहेबांच्याही लक्षात आलं. त्यांनी भुवया उचलल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

सुमनबाईने ओठ ओले केले. एवढ्या मोठ्या खर्जाच्या बाईचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

"ती सांगस ते खरं शे," ती म्हणाली आणि गर्दीतून वाट काढत घरी गेली.

धुरपदाबाईने अंगठा दिला. पाणी येत नाही म्हणून.

परत येताना माझी आई तिच्याबरोबर होती. वडापाशी धुरपदाबाई थांबली आणि म्हणाली, "खरं सांगू का व, मी काहीच देखेल नही. आम्हले बठ्ठासले माळवर लई जायेल व्हतं. मी नवी नवरी, डोकावर पदर. घर देखाले उनू तवय पानी उतरी जायेल व्हतं." मग पुन्हा चालायला लागत, "दिवळीमा गाळ व्हता, असं मन्ही सासू सांगे. आते ती खरं सांगे का मानसाठे सांगे, काय माहीत."

रेषा सरकली. कशी सरकली ते मला कळलेलं नाही. कागदावर ती धुरपदाबाईच्या घराखालून वळसा घेऊन गेली, एवढं ग्रामसेवक सांगत होता. परवानगी आली. उन्हाळा लागताच जुनं घर पाडायला घेतलं.

मागची भिंत हितेंद्रने स्वतः पाडली. पोट सुटलेली भिंत दोन घावांत बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण दिवळीभोवतीचा भाग घट्ट होता. सारवणाचे थरावर थर. त्याने पहार मारली तेव्हा दिवळीच्या तळाचा पोपडा निघाला आणि आतून करड्या रंगाची मऊ रेती सांडली. तिच्यात बारीक शिंपले होते, नखाएवढे.

हितेंद्र थांबला. धुरपदाबाई शेजारीच विटा बघत उभी होती. तिने वाकून एक शिंपला उचलला, हातावर घेतला.

"माय, भिंतनी मातीच नदीनी शे," तो म्हणाला. "शिंपला निंघतीनच."

"निंघतीनच," ती म्हणाली.

तिने तो शिंपला कमरेच्या पिशवीत टाकला. तो विषय त्या घरात परत निघाला नाही. मलबा ट्रॅक्टरमधून नदीकाठी टाकला.

नवं घर आषाढाच्या आत उभं राहिलं. दोन खोल्या, स्लॅब, समोर निळा दरवाजा. निळा कशाला म्हणून आई बोलली, तर धुरपदाबाई म्हणाली, दुकानात तोच शिल्लक होता. जीवराम आबा भिंतींवरून हात फिरवत खोलीभर फिरले आणि आपण होऊन बोलले, जे ते क्वचितच करायचे. म्हणाले, "दिवा कोठे ठेवसूत?" कोनाडाच ठेवला नव्हता.

त्या पावसाळ्यात पहिलं गढूळ पाणी आलं आणि बायका घाटावर जमल्या. सुपं खूप होती, पण पुढे कुणी जाईना. धुरपदाबाई आलीच नव्हती. सुमनबाई आली होती, पण पाराच्या कडेला बसून राहिली. "तू भर व." "नही बाई, तूच भर." "अक्का, तुम्ही भरा ना." सुमनबाईने नुसता हात हलवला. शेवटी भाईदासच्या बायकोने घाईघाईने खण-नारळ सोडला, कारण तिला डबा करायचा होता. सगळं इतक्या पटकन उरकलं की नारळ काठाकाठाने फिरत परत घाटाशी आला.

त्याच दिवसांत शेहजादभाई आला. पाचोऱ्याचा विमा एजंट, गळ्यात ओळखपत्र, हेल्मेट हातात, आणि बोलणं सरबतासारखं, अर्धं हिंदी अर्धं मराठी, वर खानदेशी बर्फ. हितेंद्रच्या गाडीचा विमा त्याच्याकडे, म्हणून नव्या घराचं कळताच तो आला.

"चाची, देखो, घर झकास बना. आता याले कागदाचं छत पण पाहिजे ना? आग, बिजली, भूकंप, पूर, बठ्ठं एकाच पॉलिसीमा. रोज एक चहा कमी प्यायचा, बस."

हितेंद्र घरी होता. त्याला पटत होतं. त्याने विचारलंसुद्धा, कागद काय काय लागतील. तेवढ्यात धुरपदाबाई आतून आली.

"पूरना बी शे का त्यामा?"

"बिलकुल चाची. नदीजवळ घर, मग पूर तो पहिला."

"मंग नको."

"का बरं?"

"मी साहेबसमोर अंगठा देयेल शे, पानी येत नही म्हनीसन. आते पानी येई म्हनीसन पैसा भरू? एक तोंड कितला येळ फिरावू?"

"अरे चाची, अंगठा अलग चीज आहे, विमा अलग चीज. कचेरीवाले थोडेच बघणार आहेत?"

"तुन्हाकडे अलग व्हई. उद्या साहेबनी इचारं, पानी येत नही तर विमा कसाले काढा, तर मी काय सांगू? पुन्हा मानसाठे सांगू?"

शेहजादभाईने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "पूर सोडून बाकीचं लेता येईल का, बघतो," तो म्हणाला, पण त्याला स्वतःलाच ते पटलेलं दिसलं नाही. जाताना दारात हितेंद्रला हळूच म्हणाला, "भाई, समझाव चाचीले." हितेंद्रने मान हलवली. पण आई जे बोलली त्यात त्यालाही काहीतरी खरं वाटलं असावं. पाणी येत नाही म्हणून मिळालेलं घर. पुराचा विमा काढणं म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध साक्ष देणं. तो दिल्लीची खेप घेऊन गेला, आणि विम्याचं राहिलं ते राहिलंच.

भादव्यात वरच्या अंगाला पाऊस लागला. आमच्याकडे नुसती भुरभुर, पण नदीचा आवाज बदलला. एरवी ती बोलते, त्या सकाळी ती दळत होती. भाईदासने ग्रामपंचायतीचा भोंगा लावला. माईक हातात आला की त्याच्या तोंडात सरकारी मराठी यायची, ती दोन वाक्यं टिकायची आणि मग गळायची:

"हॅलो... हॅलो... सर्व ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की, गिरणा नदीच्या पाण्याच्या पातळीत वाढ होत असून... निळ्या रेषेच्या आतील सर्व कुटुंबांनी... भो, निळीवाला बठ्ठा शाळामा या रे! ढोरं सोडी द्या! हॅलो..."

गल्ली हलली. वडाजवळची घरं आधी रिकामी झाली. आईने मला गाठोडी दिली आणि आम्ही शाळेकडे निघालो. धुरपदाबाई दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"व काकू, चला ना," आई ओरडली.

"आम्ही निळीमा नही," ती म्हणाली.

हे ती चिडून बोलली नाही. हट्टानेही नाही. भाईदासने निळीवाले म्हटलं होतं आणि ती निळीत नव्हती, एवढंच. शाळेत पोचल्यावर आम्ही मोजदाद केली तर जीवराम आबांना कुणीतरी पाठीवर आणलेलं, पण धुरपदाबाई नव्हती. आणि सुमनबाईही नव्हती. सुमनबाईचं घर तर उंच जोत्याचं, तिला आधी निघायची गरजच नव्हती. ती निघाली तेव्हा समोरच्या दारात धुरपदाबाई अजून उभी होती.

पुढचं सुमनबाईने नंतर सांगितलं, म्हणजे आईने ते तिच्याकडून थोडं थोडं काढून घेतलं. गल्लीत पाणी घोट्याला लागलं होतं.

"चाल व."

"मन्हं घर निळीमा नही."

"पानीले सांग मंग. चाल."

"पानी येत नही आठे, सुमन. मी अंगठा देयेल शे."

तेव्हा पाणी धुरपदाबाईच्या पहिल्या पायरीवर आलं. मग दुसऱ्या. सुमनबाईने तिच्या दंडाला धरलं आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या, आणि पाणी उंबरा ओलांडून आत गेलं. एवढी वर्षं जिच्यावरून भांडल्या ती माय, दोघींच्या पायांवरून आत शिरली. सुमनबाई म्हणाली की धुरपदाबाईने वाकून पाण्याला हात लावला आणि कपाळाला नेला. सवयीने. मग सुमनबाईने तिला ओढत आणली.

दुपारी आवाज आला. शाळेच्या पटांगणातून काही दिसत नव्हतं, पण असला आवाज घराचाच असतो. नदीने काठाची माती खालून काढून नेली आणि नव्या घराची मागची बाजू पायासकट बसली. मग उरलेलीही. हितेंद्रचा फोन आईच्या मोबाईलवर आला, कुठल्याशा ढाब्यावरून. आईने फोन धुरपदाबाईच्या कानाला लावला. पलीकडून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"माय, भिंत शे का?"

तिने फोन आईकडे परत दिला.

पाणी उतरल्यावर पंचनाम्याला तलाठी आला. नवीन पोरगा, बूट चिखलात बुडू नयेत म्हणून विटेवरून विटेवर उड्या मारत. धुरपदाबाईच्या घराचा समोरचा निळा दरवाजा चौकटीसकट उभा होता, बंद. त्याच्या मागे काही नव्हतं. काठच पुढे सरकला होता आणि खाली नदी होती. हितेंद्र आदल्या रात्री पोचला होता. तो दरवाजाकडे पाठ करून उभा होता.

"आजी, घर पुराच्या पाण्यानेच पडलं ना? तसं लिहावं लागतं. कुठवर आलं होतं पाणी?"

"आमनाकडे पानी येत नही," धुरपदाबाई म्हणाली.

तलाठ्याने तिच्याकडे पाहिलं, मग दरवाजाकडे, मग हितेंद्रकडे. "आजी?"

"येत नही."

"माय," हितेंद्र म्हणाला, "सांग ना व." विमा नव्हता. पंचनाम्यात पूर लिहिला नाही तर सरकारची मदतही नाही. पण लिहिला, की निळी रेषा परत जिथल्या तिथे येणार, आणि या जागेवर विटेवर वीट ठेवता येणार नाही. ते तिला कळत होतं. हितेंद्रलाही कळत होतं. तो तरीही म्हणाला, "सांग."

तलाठी विटेवर एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

तेव्हा मागून सुमनबाई आली. तिच्या पायरीला लागलेला गाळ तिने सकाळीच धुऊन काढला होता, हात अजून ओले होते. ती धुरपदाबाईच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि तिचा खर्ज परत लागला.

"लिखा साहेब. माय हिन्हा दारमा उनी. पहिले हिन्हा, मंग मन्हा. मी दंड धरीसन उभी व्हतू, मी सोता देखं."

"बरं. कुठवर?"

भिंत नव्हती. सुमनबाईने दरवाजाच्या मागे, जिथे खोली होती तिकडे बघत हवेत हात उचलला. खांद्यापर्यंत. मग आणखी वर, डोक्याच्याही वर. आयुष्यभर जे दिलं नव्हतं ते सगळं एकदाच देऊन टाकायचं असल्यासारखा.

"इतलं."

तलाठी लिहायला लागला. धुरपदाबाई त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने आपला हात वर नेला, सुमनबाईचं मनगट धरलं आणि हळूहळू खाली आणलं. छातीच्या उंचीवर थांबवलं. तीन बोटं, हवेतच, कशाच्या तरी कडेला टेकवल्यासारखी.

"तितलं नही व," ती म्हणाली. "दिवळीलगुन."